केशनाशावरील वानस्पतिक बाह्योपचार, मराठवाड्यातील

डोक्यावरील केस गळणे, विरळ होणे किंवा ठिकठिकाणी समूळ नाहीसे होणे या विकारांवर वनस्पतींचा रस, कल्क (वाटून केलेला गोळा), लेप, सिद्ध तेल अथवा अर्क बाहेरून लावण्याची पद्धत. भारतात ही पद्धत आयुर्वेदीय ग्रंथ, युनानी वैद्यक व लोकवैद्यक अशा तीन प्रवाहांतून चालत आली असून मराठवाड्यात, विशेषतः नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, हे तिन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेले दिसतात. यादवांच्या देवगिरीच्या दरबारात वैद्यकाचे मोठे अध्ययन झाले. पुढे हा प्रदेश दीर्घकाळ निजामाच्या राज्यात राहिल्याने हकिमी औषधांचा येथे प्रसार झाला. आणि नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट व माहूरच्या जंगलांत गोंड, कोलाम, आंध, प्रधान या जमातींचे वनस्पतिज्ञान टिकून राहिले. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदी उस्मानाबादच्या नावाखाली शोधाव्या लागतात.

या उपचारांचा इतिहास पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. ‘केस गेले’ या दोन शब्दांत निरनिराळे विकार सामावलेले असतात व त्यांची कारणे, गती आणि परिणती अगदी भिन्न असते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लक्ष केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील केशपुटक नावाच्या पिशवीसारख्या खळग्यातून उगवतो, दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळून पडतो आणि त्याच जागी नवा केस येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे स्वाभाविकच होय. दीर्घ ताप, बाळंतपण, उपासमार किंवा मोठा मानसिक आघात यांनंतर दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीच्या अवस्थेत जाऊन गळतात. मात्र कारण दूर झाल्यावर ते परत येतात. पुरुषांच्या कपाळापासून व टाळूपासून हळूहळू वाढत जाणारे टक्कल आनुवंशिक असते. त्याला पुरुषी संप्रेरकांची जोड लागते, हे १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा अकस्मात पडतो त्याला मराठीत ‘चाई’ म्हणतात. येथे शरीराची संरक्षक यंत्रणाच केशपुटकांवर हल्ला करते, पुटके मात्र मरत नाहीत. याशिवाय बुरशीमुळे होणारे डोक्यातील गजकर्ण आणि त्वचेवर व्रण राहून पुटकेच नष्ट करणारे विकार निराळेच.

ग्रंथोक्त परंपरा : हा भेद प्राचीन वैद्यांना बऱ्याच अंशी माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात इंद्रलुप्ताची संप्राप्ती दिली आहे. वातासह पित्त केसांच्या मुळांशी जाऊन केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ ती छिद्रे बंद करतो, त्यामुळे तेथे दुसरे केस उगवत नाहीत, असे तेथील प्रतिपादन आहे. दोषांची भाषा बाजूस ठेवली, तरी केस पडणे व नवा केस न येणे या दोन वेगळ्या घटना आहेत हे त्यात स्पष्टपणे ओळखले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात यापुढे एक पाऊल टाकले आहे. इंद्रलुप्त व खलती यांची उत्पत्ती सारखीच, परंतु खलतीत केस क्रमाक्रमाने गळतात, असा फरक तो सांगतो. एका वाक्यातील हा भेद आजच्या त्वचारोगतज्ज्ञालाही मान्य होण्यासारखा आहे. खलतीचे काही प्रकार असाध्य आहेत, हेही त्याने आडपडदा न ठेवता लिहिले. भाजल्याप्रमाणे केशहीन झालेल्या डोक्याचा त्याने केलेला उल्लेख व्रणयुक्त केशनाशाची आठवण करून देतो. सर्वच निरीक्षणे मात्र अशी अचूक नाहीत. स्त्रियांना खालित्य होत नाही, हे टीकाकारांनी उद्धृत केलेले मत चुकीचे आहे. स्त्रियांत समोरची केसरेषा बहुधा टिकते व भांगाभोवतीचे केस विरळ होतात, म्हणून ते नजरेतून सुटले असावे.

अष्टांगहृदयाचा मराठवाड्याशी निकटचा संबंध आहे. महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळी उच्च पदावर असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवानेही वैद्यकावर लेखन केले. हेमाद्रीच्या टीकेचा मुद्रित भाग मुख्यतः सूत्रस्थानाचा असल्याने केशविकारांवर त्याने काय म्हटले असते हे कळण्यास मार्ग नाही. मात्र या टीकेमुळे वाग्भटाचा ग्रंथ महाराष्ट्रातील वैद्यांच्या घराघरांत अभ्यासला गेला आणि इंद्रलुप्तावरील त्यातील योग पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखित बाडांतून उतरत राहिले.

हे योग दोन स्पष्ट गटांत पडतात. इंद्रलुप्तासाठी सांगितलेल्या बहुतेक वनस्पती दाहक किंवा विषारी आहेत. चट्ट्यावर सुईने टोचून किंवा खरवडून थोडे रक्त काढावे आणि त्यावर गुंजेचे मूळ वा फळ, कळलावीचे मूळ, कण्हेरीचा रस, धोतऱ्याच्या पानांचा रस किंवा बिब्ब्याचा रस लावावा, असे ते सांगतात. काटेरी डोरलीच्या जातीच्या फळाचा मधात कालवलेला रसही याच यादीत आहे. सुश्रुताने मिरे, मनशीळ, हिराकस व मोरचूद यांचा लेप दिला असून जाई, कण्हेर, चित्रक व करंज यांनी सिद्ध केलेल्या तेलाने अभ्यंग करण्यास सांगितले आहे. याउलट खालित्य व पालित्य (अकाली केस पिकणे) यांसाठी माका, त्रिफळा, निळी, उपळसरी, कमळ यांची सौम्य तेले आणि नस्य सांगितलेले आहे. पहिल्या गटाचा हेतू त्वचा चेतविणे हा, तर दुसऱ्याचा तिला स्निग्ध व शांत ठेवणे हा होता. हे दोन हेतू पुढे एकमेकांत मिसळले गेले व त्यातून अनेक घोटाळे उत्पन्न झाले.

पहिल्या गटातील बिब्बा (सेमेकार्पस ॲनाकार्डियम) हे मराठवाड्याला अतिपरिचित फळ होय. किनवट भागातील पानझडी जंगलांत व बालाघाटाच्या डोंगरउतारांवर त्याची झाडे आढळतात. धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत. त्यातील ‘गोडंबी’ हे बी खाण्यात येते; पण बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर त्याच्या तेलाने फोड व काळे डाग पडतात. ‘बिब्बा घालणे’ या वाक्प्रचारात भाषेने या फळाचा स्वभाव नेमका पकडला आहे. त्याच्या कवचातील चिकट तेल पाताळयंत्राने काढतात : बिब्बे भरलेले, तळाशी छिद्र असलेले मडके जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या भांड्यावर उपडे न ठेवता सरळ बसवितात, सांधा मातीने लिंपतात व भोवती गोवऱ्या पेटवितात, तेल खालच्या भांड्यात ठिबकते. या तेलात भिलावनॉल हे कॅटेचॉल वर्गातील रसायन असते. ते अमेरिकेतील विषारी आयव्हीच्या रसातील दाहक घटकाचे सगोत्र असून त्वचेत ॲलर्जीयुक्त दाह उत्पन्न करते.

असे द्रव्य केस उगविण्यासाठी लावावे ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य त्वचारोगवैद्यक स्वतंत्र मार्गाने याच कल्पनेपाशी पोचले. १९७६ च्या सुमारास चाईच्या रोग्यांवर डायनायट्रोक्लोरोबेंझीन या ॲलर्जीकारक रसायनाचे प्रयोग झाले. ते जनुकांत बदल घडवू शकते अशी शंका प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून आल्याने पुढे मागे पडले. त्यानंतर १९८३ मध्ये जर्मनीतील रूडोल्फ हॅपल व त्यांचे सहकारी यांनी डायफेनिलसायक्लोप्रोपेनोन हे रसायन वापरात आणले. रोग्याच्या त्वचेला त्याची ॲलर्जी आणावयाची आणि नंतर दर आठवड्यास अत्यंत सौम्य द्रावण लावून हलका दाह टिकवून धरावयाचा, अशी ही पद्धत आहे. केशपुटकांवर चालून आलेल्या पेशींचे कार्य या नव्या दाहामुळे बदलते असे मानतात. नेमकी क्रिया अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. तेव्हा बिब्बा लावणाऱ्या वैद्याच्या निरीक्षणात तथ्य होते असे म्हणावयास हरकत नाही. मात्र येथे एक मोठा फरक नजरेआड करता येत नाही. आधुनिक पद्धतीत द्रावणाची तीव्रता मोजलेली असते व ती रोग्यागणिक बदलतात. बिब्ब्याच्या थेंबात भिलावनॉल किती हे कोणालाच ठाऊक नसते. एकाला त्याने नुसती खाज सुटते, तर दुसऱ्याचा चेहरा सुजून डोळे मिटतात. दाह खोलवर गेला तर व्रण राहतो आणि जी पुटके केवळ निद्रिस्त होती ती कायमची नष्ट होतात. चाई बरी करण्याच्या प्रयत्नात कायमचे टक्कल ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

गुंजेविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. लाल-काळ्या सुंदर बियांची ही वेल मराठवाड्यातील कुंपणांवर सर्रास दिसते व सोनारांच्या तागडीतील वजन म्हणून तिची बी सर्वांना ठाऊक आहे. या बीतील ॲब्रिन हे प्रथिन पेशींतील प्रथिननिर्मितीच बंद पाडते. अख्खी बी गिळली गेल्यास कठीण कवचामुळे पुष्कळदा अपाय होत नाही, परंतु वाटलेली बी खरवडलेल्या त्वचेवर चोळल्यास तिचे विष थेट रक्तात जाऊ शकते. आयुर्वेदात गुंजा शिजवून शुद्ध करण्याचा विधी आहे आणि उष्णतेने ॲब्रिन निकामी होते, हे त्या विधीचे मर्म होय. गावठी उपचारात नेमका हा विधीच गाळला जातो. जमालगोटा उगाळून लावण्याची चालही अशीच घातक आहे.

हकिमी परंपरा : चाईला युनानी वैद्यकात ‘दाउस्सालब’ म्हणजे कोल्ह्याचा रोग म्हणतात. ग्रीक ‘अलोपेकिया’ या शब्दाचा अर्थही तोच. खरजेने कोल्ह्याचे केस जागोजागी झडतात त्यावरून हे नाव पडले. ग्रीक शब्दाचे अरबी भाषांतर झाले आणि ते फार्सी-उर्दूच्या वाटेने दख्खनमध्ये उतरले. इंग्रजी वैद्यकातील ‘ॲलोपेशिया’ हा शब्द त्याच मुळापासून निघून दुसऱ्या वाटेने येथे आला. नांदेडच्या एखाद्या जुन्या हकिमाने उच्चारलेला शब्द आणि शासकीय रुग्णालयातील डॉक्टरने कागदावर लिहिलेला शब्द असे एकाच कोल्ह्याची आठवण ठेवून आहेत.

निजामाच्या राज्यात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. हैदराबादला चारमिनारजवळ युनानी रुग्णालय व त्यास जोडून तिब्बी महाविद्यालय होते आणि मराठवाड्यातही सरकारी युनानी दवाखाने चालत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी ही परंपरा खंडित झाली नाही. नांदेडच्या शासकीय रसशाळेच्या नावात ‘आयुर्वेदिक व युनानी’ असे दोन्ही शब्द आहेत, हा त्या इतिहासाचाच ठसा होय. हकिमांच्या पद्धतीत चट्टा प्रथम जाड्याभरड्या कापडाने लाल होईपर्यंत घासावा व मग त्यावर कांदा, लसूण, मोहरी यांसारखी उष्ण द्रव्ये चोळावीत, असे सांगितलेले असते. कांद्याचा हा उपयोग फार जुना असून पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कॉरिडीझ याने तो नमूद केला आहे. मराठवाड्यातील खेड्यांत अर्धा कापलेला कांदा चाईवर घासतात, तेव्हा हा उपाय बाहेरून आला की येथेच सुचला याचा कोणालाच पत्ता नसतो, आणि त्याची कोणाला गरजही वाटत नाही.

कांद्याच्या रसाची चाचणी २००२ मध्ये बगदाद येथील त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. चाईच्या २३ रोग्यांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस व १५ रोग्यांना साधे पाणी लावण्यात आले. पहिल्या गटातील २० जणांना, तर दुसऱ्यातील केवळ दोघांना केस आले. हा फरक लक्षणीय आहे. परंतु रोगी थोडे होते, आणि कांद्याच्या वासामुळे कोणाला काय मिळाले हे लपविणे शक्यच नव्हते. शिवाय थोडेच चट्टे असलेल्या रोग्यांपैकी एक-तृतीयांश ते निम्म्या जणांचे केस वर्षभरात कोणत्याही उपचाराविना परत येतात. चाईवरील हरएक गावठी औषधाची ख्याती या एका वस्तुस्थितीवर उभी आहे. ज्याचे केस परत आले तो वैद्याचे नाव गावोगाव सांगतो. ज्याचे आले नाहीत तो टोपी घालतो किंवा पदर पुढे ओढतो आणि गप्प राहतो.

तेले व त्यांची सिद्धता : दुसऱ्या, सौम्य गटातील प्रमुख वनस्पती माका (एक्लिप्टा प्रोस्ट्रॅटा, कुल-ॲस्टरेसी) ही होय. संस्कृतात तिला भृंगराज वा केशराज म्हणतात. गोदावरी व मांजरा यांच्या काठांवर, कालव्यांच्या कडेस व भातखाचरांत ती तणासारखी उगवते. पांढरी, बटणाएवढी फुले व चुरगाळल्यावर काळी पडणारी पाने यांवरून ती ओळखता येते. हाताला काळा डाग पाडणारे पान केसही काळे करील, हे अनुमान लोकांनी केले असल्यास नवल नाही. पिवळ्या फुलांचा ‘पिवळा माका’ ही वेगळी वनस्पती असून बाजारात ती पुष्कळदा त्याच नावाने खपते. गंमत अशी, की माक्यातील वेडेलोलॅक्टोन या प्रसिद्ध घटकाचा शोध मद्रासमध्ये टी. आर. गोविंदाचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये लावला तो या पिवळ्या माक्यातच. ब्राह्मीच्या बाबतीतही असाच संभ्रम आहे. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून कारिवणा व खरी ब्राह्मी अशा दोन्ही वनस्पती विकल्या जातात. जटामांसी येथली नव्हेच. ती हिमालयातून येते व अतिसंकलनामुळे १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे.

तेल सिद्ध करण्याचे प्रमाण शार्ङ्गधराने दिले आहे : कल्क एक भाग, तेल चार भाग व द्रव सोळा भाग. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ते कढवितात. कल्काची बोटांवर वात वळली, ती विस्तवात टाकल्यावर तडतडली नाही आणि तेलावर फेस आला, की पाक पूर्ण झाला असे समजतात. वात न तडतडणे म्हणजे ओलावा पूर्णपणे गेला. पाण्याचा अंश राहिलेले तेल लवकर खवट होते व त्यात बुरशी धरते. डोळ्यांनी व कानांनी करावयाच्या या परीक्षा आजही उपयोगी पडतात. मात्र या पद्धतीने वनस्पतीतील तेलात विरघळणारे व उष्णतेस टिकणारे घटकच उतरतात. पाण्यात विरघळणारा पुष्कळसा भाग चोथ्याबरोबर टाकला जातो.

भृंगराज तेलाच्या ग्रंथोक्त पाठात त्रिफळा, उपळसरी यांबरोबर लोहकिट्ट म्हणजे लोखंडाचा मळही घातलेला असतो. घरगुती तेल तर लोखंडी कढईतच कढविण्याची रीत आहे. हिरडा, बेहडा व आवळा यांतील टॅनिनांशी लोहाचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच रीतीने केली जाई. तेव्हा या तेलाची ‘केस काळे करणारे’ ही कीर्ती निराधार नव्हे. परंतु तो रंग चढण्याचा गुण आहे, केस उगविण्याचा नव्हे. ग्रंथकारांनी पालित्य व खालित्य यांना शेजारी ठेवले आणि पुढे जाहिरातदारांनी दोहोंना एकच करून टाकले.

आधारतेल कोणते याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. ग्रंथांत सामान्यतः तिळाचे तेल अभिप्रेत आहे. मराठवाड्यात तीळ, करडई, जवस व कारळ ही तेलबियांची पिके असून करडईच्या पेऱ्यासाठी हा विभाग देशात प्रसिद्ध आहे. पूर्वी घाण्यावरचे हेच तेल खाण्यास व डोक्यास दोन्हीकडे चाले. चरकाने वनस्पतिज स्नेहांत करडईचे तेल सर्वांत अहितकर ठरविले, तरी मराठवाड्याने ते कधी मनावर घेतले नाही. नारळ येथे पिकत नाही. खोबरेल बाहेरून येई व विसाव्या शतकात बाटल्या-डब्यांतून ते घरोघर पोचले. खोबरेल केसाच्या दांड्यात शिरून धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, तर सूर्यफूल व खनिज तेले तसे करीत नाहीत, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आढळले. केस तुटणे व केस मुळातून गळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर तेलाचा निश्चित उपयोग होतो. दुसऱ्यावर होतो असे यावरून सिद्ध होत नाही.

मुद्रणाच्या प्रसाराबरोबर या ज्ञानाचे रूप पालटले. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांचा ‘आर्यभिषक्’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधिसंग्रह’ (१९२७) हे ग्रंथ मराठी घरांत वैद्याच्या जागी बसले. त्यांतून वाचकाला वनस्पतीखाली तिचे उपयोग मिळत. रोग ओळखण्याची विद्या मात्र पुस्तकातून तितकी सुलभपणे मिळत नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या बाजूने व्ही. एन. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबादच्या व १९९८ मध्ये संपूर्ण मराठवाड्याच्या वनश्रीचे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यामुळे स्थानिक नावे व शास्त्रीय नावे यांची सांगड घालणे शक्य झाले. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड व लातूर येथील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये आणि आयुर्वेद महाविद्यालये यांतून वनौषधींच्या अभ्यासास चालना मिळाली. किनवट-माहूर भागातील लोकवनस्पतिविषयक पाहण्याही झाल्या. अशा पाहण्यांत वनस्पतीपुढे ‘केस गळण्यावर उपयुक्त’ एवढीच नोंद बहुधा असते. गळणे कोणते, चट्टा होता की विरळपणा, किती दिवसांत गुण आला, हे विचारलेले नसते. माहिती देणाऱ्या वृद्ध वैदूला हा फरक पुष्कळदा ठाऊक असतो. नोंद घेणाऱ्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो, आणि वैदू गेला की तो भेदही त्याच्याबरोबर जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते या परंपरेचे सर्वांत मोठे नुकसान वनस्पती नष्ट झाल्याने नव्हे, तर हे निदान नष्ट झाल्याने होत आहे.

आधुनिक परीक्षण : प्राण्यांवरील प्रयोगांत अनेक देशी वनस्पतींना अनुकूल निष्कर्ष मिळाले आहेत. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात व्ही. के. दीक्षित व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७–०८ च्या सुमारास कडू इंद्रावण, माका व अमरवेल यांच्या अर्कांचे प्रयोग केले. माक्याचा पेट्रोलियम ईथरने काढलेला अर्क केस काढलेल्या उंदरांच्या पाठीवर लावला असता केस लवकर उगवले. त्यापूर्वी २००३ मध्ये तमिळनाडूतील संशोधकांनी जास्वंदीच्या पानांचा अर्क फुलांच्या अर्कापेक्षा अधिक प्रभावी असल्याचे दाखविले होते. परंतु उंदरांचे केस लाटेप्रमाणे एकदम वाढीच्या अवस्थेत येतात, तर माणसाच्या डोक्यावरील प्रत्येक केसाचे चक्र स्वतंत्र असते. उंदराला आनुवंशिक टक्कलही पडत नाही. विश्रांतीतील पुटकाला लवकर जागे करणे आणि संप्रेरकांमुळे आक्रसत चाललेल्या पुटकाला पूर्वस्थितीत आणणे यांत महदंतर आहे. माणसांवरील प्रयोग फारच थोडे झाले. १९९८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे चाईच्या ८६ रोग्यांवर थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर व सीडर यांच्या सुगंधी तेलांची चाचणी झाली; सात महिन्यांनी उपचारगटातील ४४ टक्के व तुलनागटातील १५ टक्के रोग्यांत सुधारणा दिसली. २०१५ मध्ये इराणमध्ये आनुवंशिक टकलाच्या १०० रोग्यांत रोझमेरी तेल व २ टक्के मिनॉक्सिडिल यांची तुलना करण्यात आली. सहा महिन्यांनी दोहोंत फारसा फरक आढळला नाही. पण ज्याला काहीच औषध दिले नाही असा गट त्यात नव्हता. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध. अंगावर केस वाढण्याचा त्याचा अनपेक्षित परिणाम पाहून ते डोक्यावर लावण्याचे औषध बनले व १९८८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब हे पोटात घेण्याचे औषध तेथेच २०२२ मध्ये मान्य झाले. माका, जास्वंद किंवा बिब्बा यांपैकी एकाचीही अशा तोडीची, निदानभेद पाळून व मात्रा निश्चित करून केलेली चाचणी झालेली नाही. या वनस्पती निरुपयोगी ठरल्या असा याचा अर्थ नसून त्यांची परीक्षाच झालेली नाही, असा आहे.

कायद्याची भूमिका या विषयात बोलकी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ अनुसूचीत, ज्या विकारांना बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांची यादी असून तीत टक्कल, अकाली पिकणारे केस व नवे केस उगविणे यांचा समावेश आहे. याच नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींतील विषारी द्रव्ये दिलेली आहेत. बिब्बा, गुंज, धोतरा, कण्हेर आणि कळलावी ही पाचही द्रव्ये त्या यादीत आहेत. म्हणजे वाग्भटाने इंद्रलुप्तावर सांगितलेल्या वनस्पतींपैकी अर्ध्याअधिक. ही द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या मुळीवर अर्थातच काहीच छापलेले नसते. नांदेड येथे १९८८ पासून व लातूर येथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्याने चट्टा बुरशीचा आहे की चाईचा, हे आता जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून घेता येते. तरीही रोगी तेथे पोचतो तो बहुधा दोन-तीन लेप होऊन कातडी सोलल्यावर.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ या काळात मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात केशनाशाची एक साथच उद्भवली. बोंडगाव, कालवड, हिंगणा इ. गावांत डोक्यास खाज सुटून तीन-चार दिवसांत मूठभर केस हातात येऊ लागले. १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. प्रथम बुरशी, मग पाणी, मग शांपू यांवर संशय घेण्यात आला. मूळचे जालना जिल्ह्यातील, विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रोग्यांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले. त्यांत सिलिनियमचे प्रमाण अतिशय वाढलेले व जस्ताचे घटलेले आढळले. स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या गव्हाकडे त्यांनी निर्देश केला. पुढील काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर नवे केस दिसू लागले. त्यांपैकी ज्यांनी त्या आठवड्यांत कांदा चोळला होता किंवा माक्याचे तेल लावले होते, त्यांच्या लेखी हा गुण त्या कांद्याचा व तेलाचाच ठरला असणार.